एएफ: जाणवणारा आणि न जाणवणारा

ॲट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे डॉक्टरांच्या आणि आता आमच्या घरच्याही बोलण्यातला 'एएफ', हा हृदयाच्या लयीचा विकार जडून मला काही वर्षे झाली. या काळात नातेवाइकांनी, नाशिकच्या इंदिरानगरमधल्या शेजाऱ्यांनी आणि जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांनी मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न एकच आहे: "पण तुम्हाला नेमकं होतं तरी काय?" त्याचे ठरलेले असे उत्तर मला देता येत नाही, कारण कधी छातीत फडफड होते, कधी दिवसभर न सरणारा थकवा येतो, कधी एरवी सहज चढणाऱ्या जिन्यावर दम लागतो आणि कधी एएफ येऊन गेला तरी पत्ताही लागत नाही. या विकारात रुग्णाला जे जाणवते आणि रुग्णाला ज्याचा धोका असतो, त्या दोन गोष्टी बरोबरीने चालत नाहीत. हे नीट न समजल्यामुळे शहाणीसुरती माणसे बरे वाटताच गोळ्या सोडतात, आणि ते पाहून जीव तुटतो म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना अलिंदे आणि खालच्या दोन कप्प्यांना निलये म्हणतात. निरोगी हृदयात उजव्या अलिंदाच्या वरच्या भागातील सायनस नोड नावाच्या पेशीसमूहातून विद्युतसंकेत निघतो, तो दोन्ही अलिंदांत पसरतो, अलिंदे आणि निलये यांच्या मधल्या एव्ही नोड नावाच्या पेशीसमूहापाशी क्षणभर थबकतो आणि मग खालच्या दोन निलयांत उतरतो. विश्रांतीच्या वेळी हे मिनिटाला ६० ते १०० वेळा घडते. एएफमध्ये अलिंदांतील संकेतांची शिस्तच मोडते. मिनिटाला ३५० ते ६०० अशा वेगाने ते वेडेवाकडे फिरत राहतात, त्यामुळे अलिंदे नीट आकुंचन न पावता, आधण येण्याच्या बेतात असलेल्या पाण्यासारखी नुसती थरथरत राहतात. एव्ही नोड हे सगळे संकेत खाली जाऊ देत नाही, ही शरीराची कृपाच म्हटली पाहिजे; तरीही औषध चालू नसेल तर निलयांचे ठोके मिनिटाला दीडशेच्या घरात सहज जातात, आणि दोन ठोक्यांमधले अंतर प्रत्येक वेळी वेगळे असते. काही ठोके इतके लागोपाठ पडतात की त्यांत हृदय पुरते भरलेलेच नसते. असा ठोका मनगटापर्यंत पोचत नाही, म्हणून एएफमध्ये नाडीचे ठोके स्टेथोस्कोपने मोजलेल्या ठोक्यांपेक्षा कमी भरू शकतात.

माझ्या बाबतीत सुरुवात थकव्याने झाली, धडधडीने नव्हे. सकाळी पोळ्या लाटताना हातातले त्राण गेल्यासारखे वाटायचे आणि ओट्याला टेकून उभे राहावे लागायचे. काही दिवस असे जायचे, मग आठवडाभर काहीच नसायचे. छातीतली फडफड नंतर आली, तीही बहुधा रात्री, डाव्या कुशीवर वळले की. त्यासोबत एक विचित्र लक्षण असे, ज्याचा हृदयाशी संबंध असेल अशी शंकाही मला आली नव्हती: अशा रात्री वारंवार लघवीला जावे लागे. मला मधुमेहाचीच भीती वाटू लागली होती. पुढे हृदयविकारतज्ज्ञांनी समजावले की अलिंदे ताणली गेली की त्यांच्या पेशींतून एक संप्रेरक स्रवते आणि ते मूत्रपिंडांना पाणी व मीठ बाहेर टाकायला लावते. ही माहिती फार थोड्या रुग्णांना असते, असा माझा अनुभव आहे.

निदानाला उशीर झाला. ज्या डॉक्टरांकडे मी प्रथम गेले त्यांनी ईसीजी काढला, तो चांगला आला, आणि "वयाचा परिणाम आहे, टेन्शन घेऊ नका" असे सांगून झोपेची गोळी लिहून दिली. त्यांचा ईसीजी खोटा नव्हता. पण साधा ईसीजी जेमतेम दहा सेकंदांची नोंद घेतो, आणि माझा एएफ त्या वेळी येऊन जाऊन असणारा होता. सात दिवसांच्या आत आपोआप किंवा उपचाराने थांबणाऱ्या या प्रकाराला पॅरॉक्सिस्मल म्हणतात. सात दिवसांहून अधिक टिकला तर तो पर्सिस्टंट, आणि लय पूर्ववत करण्याचा प्रयत्न सोडून द्यायचे ठरले की पर्मनंट. मला राग आहे तो एवढ्याचाच, की बाईने थकवा आणि घाबरेपणा सांगितला की त्याचे उत्तर मनात शोधले जाते, मनगटावर नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी काहीही बोलण्याआधी माझ्या मनगटावर तीन बोटे ठेवली आणि पूर्ण मिनिटभर घड्याळाकडे पाहत राहिले. त्या दिवशी नाडी बेताल होती. ईसीजीच्या कागदावर प्रत्येक ठोक्याआधी दिसणारा छोटा उंचवटा, ज्याला पी तरंग म्हणतात, तो कुठेच नव्हता. मग थायरॉइड, पोटॅशियम, टू-डी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी असे सगळे झाले. थायरॉइडचा अतिस्राव, झडपांचे आजार, उच्च रक्तदाब, घोरण्यासोबत झोपेत श्वास अडकणे, स्थूलता, दारू, अशा अनेक वाटांनी एएफ येतो. माझ्याकडे जुना रक्तदाब सापडला.

आता माझ्या थोरल्या भावाविषयी. दादा तिडके कॉलनीत राहतात, पहाटे गोल्फ क्लब मैदानाच्या जॉगिंग ट्रॅकवर माझ्यापेक्षा भरभर चालतात, आणि त्यांना एएफ कायमचा आहे. तो कळला तो मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी काढलेल्या ईसीजीत. ना धडधड, ना दम, ना भोवळ. किती महिने किंवा वर्षे त्यांच्या हृदयाची लय अशी आहे हे कोणीही सांगू शकत नाही. एके सकाळी ट्रॅकच्या कडेच्या बाकावर बसून आम्ही एकमेकांची नाडी पाहिली. माझी त्या वेळी संथ आणि सरळ होती. त्यांची दोन ठोके लगबगीने, मग एक रिकामी जागा, मग एक जोरकस ठोका, मग तीन अगदी क्षीण, अशी चालली होती, आणि ते निवांतपणे महापालिकेच्या कामांविषयी बोलत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "अगं, मला जर काही होतच नाही, तर ही रोजची गोळी कशासाठी? उगाच रक्त पातळ करून घ्यायचं!" मी म्हटले, "दादा, ती गोळी धडधडीसाठी नाहीच. तुम्हाला धडधड नाही म्हणून गुठळी व्हायची थांबत नाही."

हाच या सगळ्याचा गाभा आहे. थरथरणाऱ्या अलिंदात रक्त साचून राहते, विशेषतः डाव्या अलिंदाला जोडलेल्या चिंचोळ्या कप्प्यात, आणि साचलेल्या रक्ताची गुठळी बनते. ती तिथून सुटून मेंदूत गेली की पक्षाघात होतो. एएफ असलेल्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट असतो, असे अमेरिकेतील फ्रेमिंगहॅमच्या दीर्घ अभ्यासातून १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले होते. कोणाला रक्त पातळ करणारी गोळी द्यायची हे ठरवण्यासाठी डॉक्टर गुण मोजतात: हृदय कमकुवत असेल तर १, उच्च रक्तदाबाचा १, मधुमेहाचा १, रक्तवाहिन्यांच्या विकाराचा १, वय ६५ ते ७४ असेल तर १ आणि ७५ किंवा अधिक असेल तर २, पूर्वी पक्षाघात झाला असेल तर २. स्त्री असल्याचा १ गुण पूर्वी धरत. २०२४ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी तो वगळला. लेखा विभागात आयुष्य गेल्यामुळे ही यादी मी फार बारकाईने वाचली, आणि माझ्या लक्षात आले की 'धडधड किती होते' असा रकाना तिच्यात नाही. 'थकवा येतो का' असाही नाही. दादांचे गुण माझ्यापेक्षा जास्त भरतात.

जाणीव किती अपुरी असते याचा पुरावा मला माझ्याच वहीत मिळाला. होल्टर नावाचे छोटे यंत्र छातीला चिकटपट्ट्यांनी जोडतात आणि ते २४ तास किंवा अधिक काळ प्रत्येक ठोका नोंदवते. ते लावले असताना वहीत मी चार रकाने आखले होते: वेळ, नाडी, काय जाणवले, आणि त्याआधी काय करत होते. संध्याकाळी सव्वासहाच्या समोर मी लिहिले होते, 'भाजी घेताना जोरात फडफड, घाबरल्यासारखे झाले, पिशवी खाली ठेवून उभी राहिले.' अहवाल आला तेव्हा सव्वासहाला एएफ नव्हता. लय सरळ होती, फक्त अधूनमधून एखादा ठोका वेळेआधी पडून त्यामागे लांब विराम येत होता, आणि तेवढ्यानेच मला घाबरे झाले होते. उलट रात्री पावणेदोन ते पहाटे सव्वाचारपर्यंत सलग एएफ होता, आणि वहीत त्या वेळेसमोर काहीच नव्हते, कारण मी गाढ झोपेत होते. तो अहवाल आणि ती वही शेजारी शेजारी ठेवून मी बराच वेळ पाहत बसले होते. त्यानंतर 'आज बरे वाटते, म्हणजे आज एएफ नाही' हे वाक्य मी उच्चारलेले नाही.

रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी हा पक्षाघाताचा धोका जवळपास दोन तृतीयांशाने कमी होतो. निव्वळ ॲस्पिरिन हा त्याला पर्याय नाही, हे इथे ठळकपणे सांगितले पाहिजे, कारण अजूनही अनेक घरांत 'हृदयाची गोळी' म्हणून तीच चालू असते. माझ्या मावशीला लहानपणी संधिवाताचा ताप येऊन डाव्या बाजूची मायट्रल झडप अरुंद झालेली होती, आणि आपल्याकडे असे रुग्ण पुष्कळ आहेत. तिला ॲसेनोकुमेरॉल हे रक्त पातळ करणारे जुन्या गटातले औषध चालू होते. दर काही आठवड्यांनी आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी, आणि तो आकडा २ ते ३ च्या मध्ये ठेवण्याची खटपट. मेथी, पालक, शेपू यांतील के जीवनसत्त्वाने त्या औषधाचा परिणाम उतरतो, म्हणून कोणीतरी तिची पालेभाजीच बंद केली होती. वास्तविक भाजी बंद करायची नसते, दर आठवड्याला खाण्याचे प्रमाण सारखे ठेवायचे असते. नव्या गटातल्या डॅबिगॅट्रान, रिव्हरोक्सॅबन, अपिक्सॅबन या गोळ्यांना आयएनआर लागत नाही. पण अरुंद मायट्रल झडप किंवा धातूची कृत्रिम झडप असलेल्यांना जुनीच औषधे द्यावी लागतात. संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेल्या एएफच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत रिव्हरोक्सॅबनपेक्षा जुन्या गटाचे औषधच सरस ठरले. त्यामुळे शेजारणीची गोळी चांगली म्हणून आपली बदलून मागणे योग्य नव्हे.

माझी गोळी रिव्हरोक्सॅबन. ती जेवणासोबतच घ्यावी लागते, रिकाम्या पोटी ती पुरेशी शोषली जात नाही. यामुळे माझी निर्जळी एकादशी सुटली. आता एकादशीला रात्री भगर आणि शेंगदाण्याची आमटी खाऊन गोळी घेते, आणि दिवसभर पाणी पिते, कारण शरीरातले पाणी आणि क्षार कमी झाले तरी लय बिघडू शकते. एप्रिल-मेच्या उन्हात तर पाण्याची बाटली सोबत असल्याशिवाय मी रविवार कारंज्याकडे फिरकत नाही. गुडघा दुखला की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत या वेदनाशामकांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला गोळीविषयी सांगावे, पण स्वतःच्या मनाने ती बंद करू नये. काढे आणि चूर्णे घेणाऱ्यांनी तीही डॉक्टरांना दाखवावीत.

आपले नाशिक द्राक्षांचे आणि आता वाइनचेही शहर झाले आहे, आणि 'थोडी वाइन हृदयाला चांगली' हे वाक्य इथे लग्नसमारंभांतून हमखास कानावर पडते. एएफच्या रुग्णाला ते लागू नाही. नियमित मद्य घेणाऱ्या एएफच्या रुग्णांनी ते सोडल्यावर एएफचे झटके कमी झाल्याचे ऑस्ट्रेलियातील २०२० च्या चाचणीत दिसले आहे. चहाकॉफीविषयी मात्र तसा पुरावा नाही, त्यामुळे माझे दोन कप चालू आहेत. रविवारची मिसळ मी सोडलेली नाही; ती खाऊन लगेच आडवे होणे तेवढे सोडले आहे, कारण तसे केले की माझ्या छातीत ते वेळेआधीचे ठोके सुरू होतात.

धडधड आणि दम यांवर वेगळी औषधे असतात. मेटोप्रोलॉलसारख्या गोळीने ठोक्यांचा वेग आवाक्यात राहतो, आणि ॲमिओडॅरोनसारखी औषधे लयच सरळ ठेवण्याचा प्रयत्न करतात. ॲमिओडॅरोन चालू असेल तर थायरॉइड आणि यकृताच्या तपासण्या वेळोवेळी कराव्या लागतात. वेग आवरणे पुरे की लय सुधारलीच पाहिजे, हा वाद जुना आहे. २००२ च्या एका मोठ्या चाचणीत मृत्युदरात दोन्ही मार्गांत फरक दिसला नव्हता. २०२० मध्ये मात्र निदानानंतर वर्षभरात लयीचे उपचार सुरू करणाऱ्यांना फायदा झाल्याचे आढळले. माझी अडचण निराळी होती. मेटोप्रोलॉलनेही थकवा येतो, त्यामुळे कोणता थकवा एएफचा आणि कोणता गोळीचा हे मला कळेना. अंदाजावर बोलण्याऐवजी मी रोज पांडवलेणीच्या पायथ्यापासून ठरावीक पायऱ्या चढून दम आणि नाडी लिहायला लागले. नाडी सरळ आणि संथ असतानाही पाय ओढावे लागत आहेत, हे वहीतून दिसल्यावर डॉक्टरांनी मात्रा कमी केली, आणि फरक पडला.

रुग्णाच्या निरीक्षणाला वैद्यकात किंमत आहे, याचे एक उदाहरण मला फार आवडते. १९१२ मध्ये एक डच व्यापारी वेंकेबाख नावाच्या हृदयतज्ज्ञांकडे बेताल नाडी घेऊन आला. माझी नाडी मीच सरळ करू शकतो, असे त्याने सांगितले. डॉक्टरांचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी तो खरोखरच सरळ नाडी घेऊन हजर झाला: मलेरियासाठी क्विनीन घेत असताना त्याला हा गुण आढळला होता. वेंकेबाख यांनी १९१४ मध्ये ते प्रसिद्ध केले, आणि १९१८ मध्ये त्याच कुळातले क्विनिडीन हे अधिक प्रभावी असल्याचे दाखवण्यात आले. आज कोणी क्विनीन स्वतः घेऊ नये, ते धोक्याचे आहे. पण त्या व्यापाऱ्याचे लक्ष आणि त्या डॉक्टरांचा मोकळेपणा, दोन्ही मला हवेसे वाटतात.

घरच्या रक्तदाबाच्या यंत्राविषयी थोडे. एएफ चालू असताना दर ठोक्याचा जोर वेगळा असल्यामुळे यंत्र पाठोपाठ वेगळे आकडे दाखवते. घाबरून जाऊ नये. तीन वेळा मोजून सरासरी धरावी. मनगटी घड्याळे हल्ली एएफची सूचना देतात. ती सूचना म्हणजे निदान नव्हे, तिच्यावरून ईसीजी काढायचा असतो.

यजमानांना रात्री जाग आली की ते अजूनही "ठीक आहेस ना?" असे विचारतात. आम्ही दोघांनी मिळून कोणत्या वेळी थांबायचे नाही हे ठरवून ठेवले आहे. एक, शुद्ध हरपणे किंवा डोळ्यांपुढे एकदम अंधारी येणे. काही जणांत एएफ थांबताना सायनस नोड पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतो, तेवढा वेळ हृदय थांबते आणि पेसमेकर लागू शकतो. दुसरे, छातीत दडपण येऊन घाम फुटणे. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे. तेव्हा साखरपाणी देत बसायचे नाही, १०८ ला फोन करायचा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि रक्त पातळ करणारी गोळी शेवटची केव्हा घेतली यावरही ते द्यायचे की नाही हे ठरते. म्हणून माझ्या पर्समध्ये गोळीचे नाव, मात्रा आणि घेण्याची वेळ लिहिलेले कार्ड असते, आणि तसेच एक दादांच्या खिशात मी ठेवले आहे.

ॲब्लेशनचा, म्हणजे एएफ सुरू करणाऱ्या जागा निष्क्रिय करण्याच्या उपचाराचा निर्णय मी अजून घेतलेला नाही. फ्रान्समधील बोर्दो येथील डॉक्टरांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की एएफ सुरू करणारे बरेचसे संकेत फुप्फुसांतून डाव्या अलिंदात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी निर्माण होतात. तेव्हापासून जांघेतील शिरेतून कॅथेटर म्हणजे बारीक नळी नेऊन त्या तोंडांभोवतीच्या ऊती उष्णतेने, थंडाव्याने आणि अलीकडे विद्युत स्पंदांनी निष्क्रिय करतात. लक्षणांनी त्रस्त झालेल्या, येऊन जाऊन एएफ असणाऱ्या रुग्णांना त्याचा चांगला उपयोग होतो, तरी काहींना तो पुन्हा करावा लागतो. मागच्या भेटीत मी डॉक्टरांना विचारले, "ॲब्लेशन झाल्यावर रक्त पातळ करायची गोळी थांबेल ना?" ते म्हणाले, "ताई, धडधड थांबेल अशी आशा आहे. पण तुमचं वय आणि रक्तदाब तसाच राहणार, म्हणून गोळी चालू राहील." पुढच्या भेटीला मी दादांनाही सोबत नेणार आहे. डॉक्टरांना विचारायचे आहे ते दादांच्या घोरण्याविषयी, आणि झोपेची तपासणी करून घ्यावी का याविषयी.